अक्काला विचारा : बीट म्हणजे कोशिंबीर नव्हे

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले, की लिहायला बसण्याआधी कथेचे बीट काढून घ्यावेत. त्या एका वाक्यावर अकरा पत्रं आली. एका गृहस्थांनी विचारलंय, बीट म्हणजे पोलिसांचं बीट का? आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात बीट म्हटलं की आधी बीट हवालदार आठवतो, नाहीतर दह्यातली कोशिंबीर. त्यामुळे चूक त्यांची नाही, माझी आहे. मला म्हणायचं होतं ते इंग्रजीतलं बीट, म्हणजे ठोका : कथेत जिथे काहीतरी बदलतं ती जागा. या वेळचं सदर त्या पत्रांनाच दिलंय. सगळी छापणं शक्य नाही. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : अक्का, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला मोबाइलवर पंधरा बीटचा एक तक्ता मिळाला. सुरुवातीचं चित्र, ठिणगी, मध्यबिंदू, सगळं हातचं जातं, शेवटचं चित्र, असे त्यात रकाने आहेत. मी माझी कथा त्यात भरली. वडिलांचा यंत्रमाग बंद पडलाय आणि मुलगा नोकरीसाठी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालाय, एवढाच विषय. पंधराही रकाने भरले, तरी वाचून दाखवताना मैत्रिणी पेंगायला लागल्या. माझं कुठं चुकलं?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : अगं, आधी तो तक्ता कुठला ते बघ. ब्लेक स्नायडर नावाच्या अमेरिकन पटकथाकाराने २००५ साली तो मांडला, तोही सिनेमासाठी. त्याच्या डोळ्यांसमोर ११० पानांची पटकथा होती, आणि पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. ठिणगी बाराव्या पानावर, मध्यबिंदू पंचावन्नाव्या पानावर, इतकं त्याने मोजून दिलंय. तुझी कथा आहे आठ पानांची. लग्नाचं पातेलं चुलीवर चढवलंस आणि आत दोन मुठी तांदूळ टाकलेस. तळाला लागणारच.

पण मैत्रिणी पेंगल्या त्या यामुळे नाही. तू सोबत पाठवलेला तक्ता मी वाचला. मुलगा पहाटे उठतो. स्टेशनवर जातो. गाडी सुटते. कुर्डुवाडीला चहा पितो. दौंड येतं. वडिलांची आठवण येते. पुणं येतं. बाई, हे वेळापत्रक झालं. यात सगळं घडतं, आणि काहीच बदलत नाही.

कथेला विणकामाची उपमा देणं हा सोलापूरकरांचा जुना आजार आहे. मलाही तो आहे आणि या वयात बरा होणार नाही, तेव्हा एकदा ऐकून घे. मागावर धोटा इकडून तिकडे जातो आणि मागे बाण्याचा धागा सोडून जातो. तो धागा अजून कापड नसतो, नुसता आडवा पडलेला असतो. मग फणी पुढे येते आणि त्याला ठोकून आधीच्या धाग्याला भिडवते. त्या ठोक्याने कापड एका धाग्याने पुढं सरकतं. बीट म्हणजे तो ठोका. घटना म्हणजे धोटा. तुझ्या कथेत धोटा आठ पानं पळतोय आणि फणी जागची हललेली नाही.

ठोका पडलाय का, हे ओळखायची माझी पद्धत अगदी गावठी आहे. तो प्रसंग ओढून काढायचा. कथा उसवली नाही, तर तिथे ठोका नव्हता. तुझा कुर्डुवाडीचा चहा मी काढून बघितला. काही उसवलं नाही.

आता तोच चहा असा लिही. निघताना वडिलांनी खिशात पाकीट कोंबलंय, 'लागलं तर काढ' म्हणून. मुलाच्या मनात असं आहे, की वर्षभर पुण्यात काढू, चार पैसे साठवू आणि येऊन माग पुन्हा सुरू करू. कुर्डुवाडीला तो चहाला उतरतो. सुटे पैसे नाहीत, म्हणून पाकीट उघडतो. नोटांना गुंडाळलेला एक कागद हाताला लागतो. भंगारवाल्याची पावती. माग किलोवर गेलाय. चहा तोच, स्टेशन तेच, पण हा मुलगा आता 'वर्षभरासाठी' जात नाहीये. परत येऊन सुरू करायचं ते राहिलेलंच नाही. इथे ठोका पडला.

पुढचा ठोका यातूनच निघायला हवा. दोन प्रसंगांच्या मध्ये 'आणि मग' हे शब्द बसत असतील तर सांधा कच्चा. 'म्हणून' किंवा 'पण' बसत असेल तर पक्का. ही युक्ती माझी नाही, लिहिणाऱ्यांत ती फिरत असते, पण मला तिचा फार उपयोग झालाय. पावती सापडली, म्हणून त्याला परत फिरावंसं वाटलं. पण बॅग गाडीत आहे आणि गाडीने शिट्टी दिली. झालं, तुला पुढचं पान मिळालं.

तो तक्ता फाडू नकोस. फक्त प्रत्येक रकान्यात दोनच ओळी लिही : याच्या आधी त्याच्याकडे काय होतं, आणि यानंतर काय उरलं नाही. दुसरी ओळ सुचेना तर तो रकाना रिकामा सोडून दे. आठ पानांना चार-पाच ठोके रग्गड झाले.

प्रश्न : नमस्कार अक्का. मी टॉवेलच्या कारखान्यात काम करतो, रात्री लिहितो. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं. माझी कथा अशी आहे. रात्री दोनला पाणी सुटतं, शेजारी नळाला मोटार लावतो, बाकीच्यांची धार बारीक होते, भांडण होतं, गल्ली जमते, तेवढ्यात पाणी जातं. मित्र म्हणतात, ही घटना झाली, कथा नाही. प्लॉट कसा बांधू?
— एक वाचक, दत्तनगर

उत्तर : तुमच्या मित्रांचं बरोबर आहे, पण नाराज होऊ नका. पुष्कळांकडे नुसता विचार असतो, घटनाच नसते. तुमच्याकडे ती आहे, आणि चांगली आहे.

आधी एक कात्री. उजनीवरून पाइपलाइन कशी आली, यावर सुरुवातीला दीड पान खर्च झालंय. ते काढा. मला माहीत आहे, उजनीवर बोलल्याशिवाय आपल्याला पाणी पचत नाही, तरी काढा. कथा रात्री दीडला सुरू करा.

मग ही रात्र कोणाची, ते ठरवा. तुम्ही ती स्वतःची केलीय, कारण भांडलात तुम्ही. पण तुमचं काय जाणार होतं? दोन बादल्या. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तिच्यावरून तुम्ही घाईत पुढं गेलात : 'समोरची मावशी दारात विड्या वळत बसून सगळं बघत होती.' रात्री दोनला विड्या? का? उद्या तिला हजार विड्या पोचवायच्या असतील. किंवा आणखी काही असेल. मी तिला कथेच्या मध्ये बसवते, तुम्ही बघा पटतंय का.

मावशीच्या घरी सकाळी मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत. घरात पाण्याचा थेंब नाही. आजचं पाणी चुकलं तर पुढचं चार दिवसांनी. आणि हे स्थळ आणलंय कोणी? मोटारवाल्याने. बस, एवढंच मी घातलं, बाकी सगळं तुमचंच आहे. आता तिने तोंड उघडलं तर स्थळ जातं, मिटलं तर पाणी. एकाच माणसाला दोन्हीकडून धरलं की बीट शोधायला लागत नाहीत, ते पाय वाजवत येतात.

पाणी सुटतं, धार चांगली आहे, मावशीची पहिली घागर अर्धी होते. धार बारीक होते. तिला भिंतीपलीकडून घूं आवाज येतो. मोटार कोणाची ते ती ओळखते आणि गप्प बसते. हा पहिला ठोका, कारण इथे तिने काहीतरी निवडलं. लिहिणारी मंडळी नेहमी समजतात की गप्प बसणं म्हणजे काही न घडणं. तसं नाही.

ती गप्प बसते, म्हणून तुमच्या कथेतला भांडणारा तरुण, म्हणजे तुम्हीच, तिच्या बाजूने भांडायला उठतो. चांगल्या मनाने उठतो, आणि तिचं होतं नव्हतं ते बिघडवतो. गल्ली जमते. मोटारवाला हुशार. तो म्हणतो, "मला कशाला विचारतोस? मावशीला विचार की. मावशी, त्रास व्हायलाय का तुम्हाला?" आता सगळी गल्ली तिच्याकडे बघतेय. ही तुमच्या कथेची कंबर. इथपर्यंत तिच्यावर गोष्टी येत होत्या, इथून पुढे जे होईल ते तिच्या शब्दाने होईल. ती म्हणते, "नाही बाबा. कसला त्रास." तरुण तोंडघशी पडतो. आणि दारामागे उभी असलेली मुलगी हे ऐकते.

इथे घाई करू नका. नवीन लिहिणारे इथे मुलीला भाषण देतात : मला हे लग्न नको, वगैरे. नको. भाषणाने पाणी भरत नाही. गल्ली भांडणात गुंतलेली असताना मोटारवाल्याची टाकी भरून वाहायला लागली आहे, पन्हळातून पाणी रस्त्यावर पडतंय, हे मुलीला दिसतं. ती घागर उचलते, सगळ्यांच्या समोरून चालत जाते आणि त्या पन्हळाखाली लावते. एक शब्द नाही. तिच्या मागे दुसरी बाई कळशी घेऊन येते. मग तिसरी. मोटारवाला नको म्हणू शकत नाही आणि हो म्हणायची त्याची तयारी नाही. तो आत जाऊन बटण बंद करतो. नळांना धार येते. दहा मिनिटांनी पाणीच जातं.

सकाळी पाहुणे येतात. शेवट तुम्ही ठरवा, तो माझा नाही. मोटारवाला मध्यस्थ म्हणून पुढच्या खुर्चीवर बसलेला असावा आणि मुलीच्या हातात तांब्या असावा, एवढं मात्र बघा.

आणखी एक, मग तुम्हाला सोडते. तुम्ही कारखान्यात आहात, तेव्हा सोलापुरी चादर उलटी करून बघितलीच असेल. जे फूल सुलट बाजूला पांढऱ्यावर लाल, तेच उलट बाजूला लालवर पांढरं. दोन्ही बाजू एकाच वेळी विणल्या जातात. बीटचंही असंच असतं. सुलट बाजूला धार बारीक झाली. उलट बाजूला मावशीला कळलं, की आपलं गप्प बसणं कोणाच्या टाकीत चाललंय. वहीत दोन्ही बाजू लिहा. नुसती सुलट लिहिली तर घटना होते, नुसती उलट लिहिली तर कविता होते. (कवींनी पत्रं पाठवू नयेत.)

प्रश्न : आधी आराखडा केला की उत्स्फूर्तता मरते, असं मला वाटतं. अनेक मोठे लेखक आराखडा न करताच लिहितात. आपलं मत?
— एक शिक्षक, बार्शी

उत्तर : सर, लिहितात. ज्यांना जमतं त्यांनी माझं सदर वाचू नये.

मला स्वतःला पहिला खर्डा बेबंदच लिहावा लागतो. तो झाला की वही बंद करून आठ दिवस त्याच्याकडे बघत नाही आणि मग त्यातले बीट काढते. म्हणजे आराखडा नंतर. भिंत बांधून झाल्यावर ओळंबा लावण्यासारखं आहे ते, थोडी तोडफोड होते. रेडिओवरच्या श्रुतिकेच्या बाबतीत मात्र ही चैन परवडत नाही. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं, त्यानंतर बातम्या लागतात. तिथे बीट आधी काढते, प्रत्येकाच्या पुढे मिनिटं लिहिते. माझी उत्स्फूर्तता अजून मेल्याचं कोणी कळवलेलं नाही.

प्रश्न : आपण तरुणांना परदेशी तक्ते शिकवता, याचं वाईट वाटलं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच संधी सांगितल्या आहेत, त्या आपल्याला पुरेशा नाहीत का?
— एक ज्येष्ठ वाचक, अक्कलकोट

उत्तर : काका, तुमचा राग मान्य. पुरेशा आहेत, आणि मुलांना त्या माहीत असायला हव्यात, म्हणून तुमच्या पत्राच्या निमित्ताने सांगते.

संधी म्हणजे कथानकाचे सांधे. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधी. मुखात बीज पेरलं जातं. प्रतिमुखात ते कुठे दिसतं, कुठे झाकलं जातं. गर्भात ते हाती येतं, हातचं जातं, पुन्हा शोधलं जातं. विमर्शात क्रोधाने, संकटाने किंवा मोहाने सगळं अडतं. निर्वहणात विखुरलेलं एकत्र येतं. यांच्या जोडीला पाच अवस्था आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. मला यातला प्राप्त्याशा हा शब्द फार आवडतो. मिळण्याची आशा. अजून काही मिळालेलं नाही, पण मिळू शकतं असं वाटायला लागलंय. पटकथेच्या तक्त्यात जिथे 'मध्यबिंदू' एवढंच कोरडं लिहिलेलं असतं, तिथे पाचांतली ही मधली अवस्था येते, आणि तिथे माणसाच्या मनात काय चाललंय ते त्या एका शब्दात आहे. पाचही नावं नायकाला काहीतरी हवं आहे, यावरून पडलेली आहेत. हवं असलेलं काही नसेल तर अवस्थाच नाहीत. जुळे सोलापूरच्या मुलीने हे दोनदा वाचावं.

दुसरीही गोष्ट तिच्याच उपयोगाची. पाचही संधी 'नाटक' आणि 'प्रकरण' या मोठ्या नाट्यप्रकारांना लागतात. भाण, वीथी, प्रहसन अशा लहान प्रकारांना मुख आणि निर्वहण, दोनच पुरतात, असं शास्त्रातच आहे. म्हणजे चार मुठींना केवढं पातेलं, याचा हिशेब आपल्याकडे फार आधी झाला होता.

पण काका, परदेशी तक्त्यावर तेवढा राग नको. १८६३ साली गुस्ताव फ्राइटाग या जर्मन लेखकाने पाच अंकी शोकनाट्यं समोर ठेवून असाच पाच टप्प्यांचा डोंगर काढला : चढ, मधोमध शिखर, मग उतार. त्याने तो नाटकासाठी काढला होता, पुढे लोकांनी तो फळ्यावर काढून प्रत्येक गोष्टीला चढायला लावलं. यात त्याचा काय दोष? भरतमुनींच्या संधी घेऊन कोणी दोन पानी कथेत पाचही कोंबल्या, तर तीही अशीच गुदमरेल.

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र सोलापूरच्या १९३०च्या लष्करी कायद्यावर दोन अंकी नाटक बसवतोय. सात प्रवेश केले आहेत, प्रत्येक प्रवेश एका महत्त्वाच्या तारखेचा. तालमीत ते इतिहासाच्या तासासारखं वाटतंय. शेवट तर सगळ्यांना माहीतच आहे. मग उत्सुकता आणायची कुठून?
— एक नाट्यमंडळ, सोलापूर

उत्तर : पोरांनो, तारखा म्हणजे बीट नव्हेत. ८ मेला गोळीबार, १२ मेला लष्करी कायदा, ३० जूनला तो उठला, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी. या तारखा तुमच्या प्रेक्षकाला शाळेपासून पाठ आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, ही नावं ज्या चौकातून तो रोज गाडी काढतो त्या चौकाची आहेत. 'पुढे काय होणार' हा प्रश्न तुमच्या नाटकात पडदा उघडायच्या आधीच संपलाय. तुम्हाला दुसरा प्रश्न उभा करायला पाहिजे : यात हा माणूस काय करणार?

म्हणून एक माणूस घ्या, इतिहासात नसलेला. चौघांच्या तोंडी तुमची वाक्यं घालू नका. ते रंगमंचावर आलेच नाहीत तरी चालेल, मला तर तेच जास्त आवडेल. समजा, मिलमधला एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम आहे. जन्मभर वरच्याचं ऐकायचं आणि खालच्याला ऐकवायचं, एवढंच त्याला येतं. गोळीबारानंतर आणि लष्कर येण्याआधी मधले जे दिवस गेले, तेव्हा शहरात इंग्रजांची हुकमत उरली नव्हती. हा जॉबर सकाळी उठतो आणि ऐकायला वर कोणी नाही. काय करेल तो? मला तुमच्या पहिल्या अंकात हे बघायचंय. जाळपोळ नको, ती दाखवायला तुमच्याकडे पैसेही नसतील. तो घाबरतो का? घरात कोणावर ओरडतो? पहिल्यांदा गल्लीत कोणाशी बरोबरीने बोलतो?

मग १२ मे येते, आणि वरचा परत येतो, बंदूक घेऊन. ज्याच्याशी तो बरोबरीने बोलला त्याचं नाव आता त्याला विचारलं जाणार. तुमचा दुसरा अंक 'सांगतो की नाही' यावर उभा राहतो. तारखा तिथेच राहिल्या, पण आता प्रत्येक तारीख या माणसाला काही ना काही हरवायला लावते.

शेवटासाठी एक धागा देते, ओढून बघा. १२ जानेवारी म्हणजे संक्रांतीचं तोंड. आपल्याकडे ते सिद्धेश्वराच्या यात्रेचे, गड्ड्याचे दिवस. येरवड्याची बातमी गावात आली तेव्हा आसपासच्या घरांत काय चाललं असेल? तीळ भाजत असतील? नंदीध्वजाची तयारी असेल? त्या वर्षी नेमकं काय झालं, ते अंदाजाने लिहू नका. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसा, जुन्या माणसांना विचारा. पण फाशी दाखवू नका. तीळ भाजणारा हात थांबतो, एवढा ठोका पुरतो. सात प्रवेशांचे चार करा.

प्रश्न : बीट लिहायला ॲप वापरावं की वही?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : लग्नपत्रिकांचे कोरे मागचे भाग कापून घ्या. एका तुकड्यावर एक बीट. जमिनीवर पसरा, क्रम बदलून बघा. पंखा बंद ठेवा.

प्रश्न : अक्का, तुम्ही सगळ्यांच्या कथा दुरुस्त करता. तुमची कधी फसली नाही का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : हे पत्र खोडसाळपणाने लिहिलंय, हे अक्षरावरूनच कळतं. तरी सांगते.

आम्ही वडिलांना नान्ना म्हणायचो. घरात तेलुगू, शाळेत मराठी, पलीकडच्या घरात कानडी, अशात वाढलो. नान्ना जॅकार्डचे पुठ्ठे पंच करायचे. म्हणजे आधी आलेखाच्या कागदावर चादरीचं फूल चौकोन-चौकोन रंगवायचं, मग एकेक आडवी ओळ वाचत पुठ्ठ्यावर भोकं पाडायची. जिथे भोक, तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जाणार. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा. असे शेकडो पुठ्ठे दोरीने ओवून मागावर चढवायचे. आई कांड्या भरायची, आणि आम्ही पोरं पुठ्ठ्यांचे आकडे क्रमाने लागलेत का ते मोठ्याने म्हणायचो. त्या बदल्यात संध्याकाळी शेंगाचटणी आणि कडक भाकरी, जी तशीही मिळणारच होती.

मी तेव्हा नुकतीच रेडिओसाठी लिहायला लागले होते. एक श्रुतिका लिहिली, नारळी पौर्णिमेची. आम्हा विणकरांच्या मार्कंडेयाचा रथ गल्लीतून जायच्या वेळी एक म्हातारी दार लावून आत बसते, ते का, अशी गोष्ट. सात बीट होते. सातही जागेवर बसले होते, मला माझंच कौतुक वाटत होतं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मोजलं तर दोन मिनिटं जास्त. मी पाचवा बीट काढला. सगळ्यात लहान होता. म्हातारी कोनाड्यातला जुना धोटा पदराने पुसते आणि परत ठेवते, एवढाच. ना भांडण, ना रडणं, आणि रेडिओवर पुसण्याचा आवाज तरी कसला येणार? शेवटी तिचा मुलगा तोच धोटा रथापुढे नेऊन ठेवतो आणि म्हातारी दार उघडते.

प्रसारण झालं त्या रात्री आम्ही सगळे घरी रेडिओभोवती बसलो होतो. आई रडली. शेजारचे आले, छान झालं म्हणाले. नान्ना काही बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर म्हणाले, "मधला एक पुठ्ठा गळालाय."

मी विचारलं, कशावरून?

"तो धोटा आला कुठून? शेवटी एकदम त्याच्या हातात. तिला त्याचं काही आहे, हे मला आधी कुठं कळलं?" मग भाकरी मोडत म्हणाले, "पुठ्ठा गळला की फुलाची मान तुटते. आणि एकाच फुलाची नाही तुटत. पुढं जेवढी फुलं येतील, तेवढ्यांची."

मी म्हटलं, दोन मिनिटं जास्त होत होती.

"मग दुसरा काढायचा होतास," ते म्हणाले, आणि आईकडे चटणी मागितली.